धरलं

मेंढी पाडायची असेल तर तिच्या तोंडाकडं बघायचं नाही, असं आबा, म्हणजे माझे वडील, सांगायचे. मागचा पाय घोट्याच्या वर धरायचा, थोडा उचलायचा आणि हिसका न देता बाहेरच्या अंगाला पिळायचा; जनावर आपोआप कुशीवर येतं. इनामगावच्या आमच्या घरापुढं लोकर कातरायच्या दिवसांत सकाळपासून हेच चालायचं. आजोबांनी जन्मभर मेंढरं कोकणात नेली आणि आणली. आबांनी घोड नदीच्या काठाला जमीन घेऊन ऊस लावला, पण वीस-पंचवीस मेंढरं तरी दावणीला हवीतच, त्याशिवाय त्यांना झोप यायची नाही. सात-आठ वर्षांची असल्यापासून पाय धरायचं काम माझ्याकडं. कातरीचा कचकच आवाज, नदीवरच्या इंजिनाची भकभक, आणि चुलीवर आईनं शिजत घातलेल्या शेंगोळ्यांचा लसणाचा वास. लोकरीचं तेल बोटांना असं चिकटायचं की दोनदा हात धुऊनही भाकरीला तोच वास लागे. "मंगीच्या हातात आलेलं मेंढरू सुटत न्हाई," असं आबा पाहुण्यारावळ्यांना सांगायचे. माझं एवढंच कौतुक त्या घरात झालं, त्यामुळं मी ते फार जपलं.

आमच्या बांधाला लागून माळ्यांचं रान होतं. झेंडू, शेवंती, मधल्या सरीत मेथी-कोथिंबीर. त्यांची कुसुम माझ्याच वयाची. तिची बोटं बारा महिने पिवळी असायची आणि बोलता बोलता हार कधी गुंफून व्हायचा ते समोरच्याला कळायचं नाही. शाळेच्या कबड्डी संघात ती चढाईला जायची आणि मी पकड करायची. आम्ही जिवाभावाच्या मैत्रिणी होतो असं सगळे म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. पण खरं लिहायला बसलेच आहे तर सगळंच लिहिते. ती हसली की आबाही हसायचे. माझ्यापुढं कधी न हसलेला माणूस तिच्या बडबडीवर मांडीवर थाप मारून हसायचा, आणि मला ते आतून जाळायचं. मत्सराला दुसरं काही नाव देण्याचा शहाणपणा मला तेव्हाही नव्हता, आजही नाही.

आमच्या या दोघींच्या जगात साळवे सर आले ते मोटारसायकलीला मागं गोणी बांधून. सर मूळचे दौंडचे, कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टला. त्याआधी तीन वर्षं ते इंग्लंडच्या उत्तरेला कुठल्याशा गावात पावाच्या कारखान्यात होते आणि तिथून येताना सोनंनाणं नाही, एक खेळ घेऊन आले होते. रग्बी लीग. गोणीत चार चेंडू. चावडीपुढं त्यांनी पहिला चेंडू बाहेर काढला तेव्हा एक म्हातारा म्हणाला, "ही पपई कुठली म्हनायची?" झालं, त्या दिवसापासून आमच्या पंचक्रोशीत त्या खेळाचं नाव पपई पडलं. सर शेवटपर्यंत रग्बी लीग म्हणत राहिले आणि गाव शेवटपर्यंत पपई म्हणत राहिलं.

त्यांची खरी रडकथा वेगळीच होती. रग्बी म्हटलं की शाळेतले क्रीडाशिक्षक म्हणायचे, "हाय की आपल्याकडं, पुन्यात खेळत्यात." मग सर समजवायला लागायचे: ती पंधरा जणांची, ही तेरा जणांची. हिच्यात धरून पाडलेल्याला सोडायचं, त्यानं उठून चेंडू टाचेनं मागं ढकलायचा आणि पुन्हा धावायचं. असं सहा वेळा धरलं की चेंडू दुसऱ्यांचा. ऐकणारा जांभई द्यायचा. एकदा चहा पिताना कुसुमनं त्यांना विचारलं, "सर, तिकडं तरी सगळी खेळत्यात का?" सर हसले. म्हणाले, "कुठलं! खाणींची आन् गिरण्यांची चार गावं जीव टाकतात. त्या गावांच्या बाहेर गेलं की त्यांच्याच देशात कुणी विचारत न्हाई. लंडनात सांगितलं तर लोक म्हनतात, अच्छा, ती पंधरा जणांची का?" आपल्याच घरात ज्याला कुणी विचारत नाही असा खेळ या माणसानं शिरूर-दौंडला आणला होता. मला तेव्हाही वाटलं होतं, हा वेडा आहे. आता वाटतं, वेडा असता तर बरं झालं असतं, वेड्याला एवढं लागत नाही.

त्यांनी आधी मुलं गोळा केली, ती क्रिकेटला पळाली. कासुर्डीत पहिल्या दिवशी अकरा मुली आल्या, तिसऱ्या दिवशी दोन. मग कुणीतरी सुचवलं की कबड्डीच्या पोरी घ्या, त्यांना धरलं-पाडल्याची भीती नसते. म्हणून ते इनामगावपर्यंत पोचले. दोन संघांना सव्वीस मुली लागतात. त्या माणसानं सव्वीस मुली एका मैदानावर कधीच पाहिल्या नाहीत. कमी पडतील तेवढ्या जागी ते उसाच्या पाचटाच्या पेंढ्या उभ्या करायचे आणि आम्हाला सांगायचे, "ही पेंढी न्हाई, ही तुमची मधली खेळाडू हाय, हिला चेंडू द्या." आम्ही पोट धरून हसायचो. बिबट्याच्या भीतीनं आमचा सराव ऊन कलायच्या आत संपायचा, आणि मग सर एकटेच पेंढ्या गोळा करत बसायचे.

इंग्रजी शब्दांनी पोरी बुजतात म्हणून सरांनी सगळे शब्द मराठीत आणले होते आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. खेळाडू पुरता धरला गेला की तिकडचा पंच 'हेल्ड' ओरडतो. म्हणजे पकड झाली, आता सोडा, त्याला उठू द्या. सरांनी त्याचं केलं 'धरलं'. पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. सर ओरडले "धरलं!" आणि आम्ही दुप्पट जोरानं धरलं. आमच्या घरी आयुष्यभर 'धर' म्हटलं की धरायचं असतं. कबड्डीत तर सोडणारी पोर म्हणजे नालायक. कुसुम खालून ओरडली, "सर, सोड म्हना की सरळ!" सरांनी मान हलवली. म्हणाले, "खेळात सोड कोन म्हनतं का? सोड म्हंजी हार. धरलं म्हंजी काम झालं, आता माणुसकीनं हात काढा. ध्यानात ठेवा." महिनाभर चुकलो. त्यानंतर एकदाही नाही. पुढं वर्षभर मी 'धरलं' ऐकलं की तापल्या तव्यावरून काढावेत तसे हात काढायची. हे वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण आजवर कुणापुढं ते कबूल केलं नव्हतं.

त्या वर्षी राज्याच्या स्पर्धेचं ठरलं. सर सांगत आले की राज्याला खेळलं की सर्टिफिकेट मिळतं, आणि सर्टिफिकेट असलं की पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेवर अर्ज करता येतो. त्यांना कुणीतरी तसं सांगितलं होतं आणि त्यांनी ते मनापासून खरं मानलं होतं. आमच्या घरी तेव्हा माझ्या लग्नाची बोलणी चालली होती. मुलगा मी एकदा पाहिला होता. तो आबांशी बोलताना सतत स्वतःच्या चपलेकडं बघत होता. आबांनी निकाल दिला, "पोलिसात लागली तर लागली. न्हाई तर वैशाखात उरकून टाकू." म्हणजे ते कागदाचं भेंडोळं माझ्या हातात आलं तर मी खाकी घालणार, नाहीतर त्या चपलेकडं बघणाऱ्याच्या घरी भाकऱ्या थापणार. इतकं सरळ होतं ते.

आणि मिनीबसला सीटा तेरा. सर ड्रायव्हरशेजारी बसणार, राखीव कुणी नाही. बारा नावं ठरली होती, बहुतेक दौंडच्या. तेराव्या जागेला आम्ही दोघी उरलो. सरांना निवडता येईना, म्हणून त्यांनी रविवारी दौंडला सामना ठेवला. रेल्वे लाइनीच्या कडेला मुरमाड मैदान होतं, तिथं. एसटीत आम्ही शेजारी बसलो होतो. कुसुमनं डब्यात गूळ-शेंगदाण्याचे लाडू आणले होते, तिच्या आईनं दोघींसाठी वळलेले. मी दोन खाल्ले. ती म्हणाली, "मंगे, कुनाचं का नाव येईना, दुसरीनं रडायचं न्हाई." मी म्हटलं, "न्हाई रडायचं." लाडवाचा गूळ अजून दातात होता.

सरांनी आम्हाला समोरासमोरच्या संघांत घातलं. कुसुम त्या दिवशी वाऱ्यासारखी पळत होती. दोनदा ती माझ्या हाताखालून गेली आणि दोन्हीदा सरांनी वहीत काहीतरी लिहिलं. तिसऱ्यांदा मी मागून तिचा घोटा पकडला. ती तोंडावर पडली, चेंडू तिच्या पोटाखाली. सर ओरडले, "धरलं!" मी ऐकलं. मैदानाच्या त्या कडेला बसलेल्या कुत्र्यानंही ऐकलं असेल. कुसुम उठायला लागली, एक पाय जमिनीत रोवून, आणि दुसरा माझ्या हातात. ती म्हणाली, "सोड." पाय न सोडता मी तिच्या कुशीला सरकले होते, माझं तोंड तिच्या खांद्यापाशी होतं. ती पुन्हा म्हणाली, हळू, फक्त मला ऐकू येईल असं, "मंगे, सोड." तिसऱ्यांदा "सोड" म्हणाली तेव्हा तिच्या आवाजात भीती होती. तिला कळलं होतं. मी तिच्या तोंडाकडं पाहिलं नाही. पाय थोडा उचलला आणि बाहेरच्या अंगाला पिळला. ओल्या उसाचं कांडं मोडावं तसा आवाज आला, आणि मग एक मालगाडी जात होती तिच्या आवाजात कुसुमचा आवाज बुडाला.

सर धावत आले. त्यांनी आधी गुडघ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "मंगल, मी धरलं म्हनलो व्हतो. सोडलं का न्हाईस?" आणि माझ्या तोंडातून आपोआप, जराही न अडखळता, बाहेर पडलं, "सर, तुम्ही 'धर' म्हनला. मला धर ऐकू आलं." खोटं बोलायला मला एक क्षणही लागला नाही. सर म्हणाले, "वर्षभर तर तू..." बाकीच्या पोरी म्हणायला लागल्या, व्हय सर, तो शब्दच तसा हाय, आमचंबी सुरवातीला तसंच झालं व्हतं. सरांचा चेहरा मला अजून दिसतो. मी खोटं बोलते आहे हे त्यांना कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. पण त्या क्षणापासून त्यांनी सगळा दोष त्या शब्दावर, म्हणजे स्वतःवर घेतला.

दवाखान्यात कुसुमचे वडील तात्या आले तेव्हा डोक्याला फेटाही बांधलेला नव्हता. मागोमाग माझे आबाही आले, हातात काठी घेऊन. तात्यांनी सरांच्या कानाखाली वाजवली, पोरींच्या देखत. सर चेंडू छातीशी धरून उभे होते, तो त्यांनी खाली टाकला नाही. आबा ओरडले, "धर धर म्हनून वरडतंय मास्तर, आन् पोरींनी काय करायचं? ह्यानं माझ्या पोरीच्या हातनं पाप करवलं!" आजूबाजूचे लोक माना हलवत होते. सर एवढंच म्हणाले, "शब्द माझा चुकला. माफ करा." मी भिंतीला टेकून उभी होते आणि मला बरं वाटत होतं. हो, बरं वाटत होतं. सुटका झाल्यावर वाटतं तसं.

तात्या कॉटपाशी गेले आणि विचारलं, "कुसे, मंगीनं मुद्दाम केलं का?" आबा तिथंच होते, मीही होते. कुसुमचा चेहरा सुजला होता. ती माझ्याकडं खूप वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "न्हाई तात्या. तिला ऐकू आलं नसंल." आणि तोंड भिंतीकडं वळवलं. आबांनी सुस्कारा टाकला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा.

आता मी चाळिशीच्या पुढं आहे. लोकांना वाटतं, एवढ्या वर्षांत माणूस स्वतःला समजून घेतो, माफ करतो. मला तसं काही जमलेलं नाही, आणि जमावं असंही वाटत नाही. माझी मुलगी बारावीला आहे. तिनं विचारलं की तुझी जिवलग मैत्रीण कोण होती, तर मी नाव सांगते, आणि पुढचं विचारू देत नाही.

बस गुरुवारी निघाली. पाय मोडल्याची बातमी तोवर दौंडभर झाली होती, आणि तीन मुलींच्या घरच्यांनी त्यांना पाठवलंच नाही. तेरा सीटांच्या बसमध्ये आम्ही दहाजणी होतो. माझ्या शेजारची सीट मोकळी होती, पुढच्या दोन मोकळ्या होत्या, त्यातल्या एकीवर सरांनी चेंडूंची गोणी ठेवली. म्हणजे कुसुमचीही जागा होती. दोघींनाही जागा होती. भिगवणपर्यंत मी त्या गोणीकडं बघत बसले. सर ड्रायव्हरशेजारून मागं वळून म्हणाले, "मंगल, लाडू खातीस का? कुनीतरी दिलेत," आणि डबा पुढं केला. डबा माळ्यांच्या घरचा होता, एसटीत कुसुमनं उघडलेला तोच. मी खिडकीबाहेर तोंड केलं.

स्पर्धेला तीन संघ येणार होते, आले दोन. दहाजणींनी तेराजणींशी खेळून आम्ही इतके वाईट हरलो की त्यांच्या मुली शेवटी शेवटी धावेनाशाच झाल्या, चालतच जायच्या. तरी सर्टिफिकेट मिळालं. जाड कागद, सोनेरी कडा, खाली कुणाची तरी भलीमोठी सही. आबांनी ते गावात पाच घरी दाखवलं.

भरतीच्या अर्जाला मी ते जोडलं. खिडकीतल्या कारकुनानं ते उलटं-सुलटं केलं, समोरची यादी बोटानं वरून खालपर्यंत वाचली. "रग्बी हाय. रग्बी लीग न्हाई," तो म्हणाला.

"एकच हाय ना साहेब?"

"किती जन खेळता तुम्ही?"

"तेरा."

तो शेजारच्याकडं बघून हसला. "यादीतली पंधराची हाय. अजून दोघी आनायच्या व्हत्या की बाई!" दोघंही हसले आणि माझा कागद त्यानं बोटांनी माझ्याकडं सरकवला. मीही हसले. त्यांनी हसल्यावर आपण हसायचं असतं, एवढं मला कळत होतं. वैशाखात त्या चपलेकडं बघणाऱ्याशी माझं लग्न झालं. माणूस वाईट नव्हता. ते सर्टिफिकेट आईनं धान्याच्या कणगीवर झाकण म्हणून ठेवलं होतं, पुढं ते उंदरांनी खाल्लं.

साळवे सरांनी पुन्हा कधी पोरी जमवल्या नाहीत. पण त्यांनी खेळाच्या संघटनेतल्या वरच्या लोकांना एक लांबलचक पत्र लिहिलं, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. मराठी मुलुखात 'धरलं' हा शब्द वापरू नका, त्यानं खेळाडूंचा गैरसमज होऊन गंभीर दुखापत होते, असं त्यात होतं. दुसरीकडं कुठं तरी खेळ शिकवायला जाणाऱ्या पोरांना संघटनेतले लोक ते पत्र वाचून दाखवत म्हणे. शिरूर-दौंडनं त्या खेळाला दिलेली शिकवण ती एवढीच, आणि ती माझी थाप आहे. सर कुरकुंभच्याच कंपनीतून रिटायर झाले. मीही तिथंच जवळ एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला लागले. एकदा गेटवर भेटले, तर त्यांनी मला नमस्कार केला. मी त्यांच्या लेकीच्या वयाची. त्यांनी मला नमस्कार केला.

कुसुमचा गुडघा नीट जुळला नाही. दोन स्थळं बघून परत गेली, मग दौंडच्या एका फूलवाल्या बिजवराशी तिचं लग्न लागलं. आता स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर तिचं फुलांचं दुकान आहे. ती दिवसभर खुर्चीत बसून हार करते, पाय पुढं स्टुलावर ताणून ठेवलेला. बोटं अजून तितकीच चपळ आणि तितकीच पिवळी. दसऱ्याला आमच्या खात्यात मशिनींची पूजा असते आणि हार आणायचं काम माझ्याकडं असतं. दुसऱ्या दुकानातून आणता येईल. मी दुसऱ्या दुकानातून आणत नाही.

ती मला बघून हसते, अगदी आबा ज्यावर हसायचे तेच हसणं. "ये मंगे," म्हणते, पोरीबाळींची चौकशी करते, चहा मागवते. हार करते, गाठ मारते, जादाचा दोरा दातांनी तोडते आणि एक टोक माझ्या हातात देते. मी ओढते. दुसरं टोक तिच्या मुठीत असतं. ती सोडत नाही. हसत नाही, रागवत नाही, नुसती माझ्या तोंडाकडं बघत राहते. मागं गिऱ्हाईक उभं असतं, झेंडूच्या पाकळ्या गळत असतात. मला म्हणावंच लागतं, दर वर्षी.

"सोड, कुसे."

आणि ती लगेच सोडते.